एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, ३०६० १२ जीबी घेऊ की ४०६० ८ जीबी? लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी, बजेट ३० हजार, भुसावळ

लग्नसराई_भुसावळ
नमस्कार मंडळी. भुसावळला आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे, मी आणि लहान भाऊ मिळून करतो. तुळशीचं लग्न झालं की जी पळापळ सुरू होते ती थेट मेपर्यंत, दोन कॅमेऱ्यांचं फुटेज, एका लग्नाचे दोन-अडीचशे जीबी सहज होतात, आणि आमच्या पीसीत अजून जीटीएक्स १६५० आहे ४ जीबीचं. आता त्याच्याच्यानं होत नाही. ४के टाइमलाइनवर दोन लेयर ठेवून थोडं नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) टाकलं की डाविंची, म्हणजे आमचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, जीपीयूची (कार्डाची) मेमरी फुल झाली म्हणून थांबून जातो. गेल्या सीझनला एका पार्टीला अल्बम आणि पेनड्राइव्ह वीस दिवस उशिरा दिला, मुलीचे वडील दोनदा दुकानावर येऊन गेले, फार लाजिरवाणं झालं होतं.

पीसी असा आहे: आय ५ १०४०० प्रोसेसर, एच ४१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). डाविंचीचं स्टुडिओ व्हर्जन विकत घेतलेलं आहे. बजेट ३० हजार, जीएसटी धरून.

एक दुकानदार म्हणतो ४०६० घ्या, नवीन पिढी आहे. दुसरा म्हणतो ३०६० घ्या, १२ जीबी आहे, ४०६० ला आठच. दोघंही आपापल्या सोयीची एकेक गोष्ट दाखवतात आणि दुसऱ्याला खोटं पाडतात. मला नीट समजून घ्यायचंय, कारण हे कार्ड चार-पाच वर्षं बदलणार नाही मी. भाऊ रात्री गेम पण खेळतो, पण तो मुद्दा दुय्यम.

तापीकाठचा_गेमर
४०६० घ्या डोळे झाकून. डीएलएसएस ३ आहे, म्हणजे गेमचा वेग वाढवायची एनव्हिडियाची सोय, त्यात फ्रेम जनरेशन आहे, वीज कमी खातं. ३०६० फेब्रुवारी २०२१ मधलं कार्ड आहे भो, आता कुठे घेता ते.

धुळे_सर्किट
डोळे झाकून काहीच घेऊ नका धागाकर्ते. मी धुळ्याला रिपेअरिंग करतो, रोज कार्डं हाताखालून जातात, थोडं लांबण लावतो पण वाचा.

पहिली गोष्ट कोर, म्हणजे कार्डातले हिशोब करणारे छोटे युनिट, एनव्हिडिया त्यांना कुडा कोर म्हणतं. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोर आहेत, ४०६० मध्ये ३०७२. मग जुनं जास्त ताकदीचं का? नाही. ३०६० चा बूस्ट क्लॉक (जोरात चालतानाचा वेग) साधारण १.७८ गिगाहर्ट्झ आहे आणि ४०६० चा २.४६, त्यामुळे कोर कमी असून ४०६० चं गणित १५ टेराफ्लॉपच्या (एक म्हणजे सेकंदाला लाख कोटी हिशोब) आसपास जातं आणि ३०६० चं पावणेतेराला थांबतं. अजून एक उदाहरण सांगतो म्हणजे कोर मोजायची सवयच सुटेल, २०१७ च्या जीटीएक्स १०८० टीआय मध्ये पण बरोबर ३५८४ च कोर होते. सारखा आकडा. पण ते कार्ड २५० वॉट खायचं, हे १७० खातं, आणि कोर मोजायची पद्धतच मधल्या काळात बदलली, ३०च्या सिरीजमध्ये जे युनिट पूर्णांकाचं आणि दशांशाचं दोन्ही काम आळीपाळीनं करतात तेही कोर म्हणून धरले गेले. एएमडी या दुसऱ्या कंपनीचे स्ट्रीम प्रोसेसर तर वेगळेच, त्यांची कुडा कोरशी तुलना म्हणजे केळीचा घड आणि कापसाची गाठ नगावर मोजणं. कोर फक्त एकाच कंपनीच्या एकाच पिढीत लावून बघायचे.

दुसरी गोष्ट मेमरीचा रस्ता, आणि इथेच लोक फसतात. ३०६० चा बस, म्हणजे त्या रस्त्याची रुंदी, १९२ बिट, ४०६० चा १२८ बिट. बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो, ते काढायचं गणित सोपं आहे: बस भागिले ८, गुणिले मेमरीचा स्पीड. ३०६० ला १५ गिगाबिटची मेमरी, म्हणजे २४ गुणिले १५, झाले ३६० जीबी सेकंदाला. ४०६० ला १७ ची, म्हणजे १६ गुणिले १७, झाले २७२. म्हणजे नवीन कार्डाचा रस्ता अरुंद आहे. कंपनीनं ते भरून काढायला एल २ कॅश ३ एमबीवरून २४ एमबी केला, सारखा लागणारा डेटा चिपमध्येच ठेवायचा म्हणजे बाहेर जायला कमी लागतं. १०८०पीच्या गेमला हे छान चालतं. पण ४के ची मोठी फ्रेम, त्यावर नॉइज रिडक्शन, जे मागच्या-पुढच्या फ्रेम पण मेमरीत धरून ठेवतं, तिथे कॅश पुरत नाही आणि खरी जागा लागते.

तिसरी गोष्ट तुमच्या बोर्डाची. ४०६० ला पीसीआयच्या (कार्ड आणि बोर्डामधला रस्ता) आठच लेन आहेत, ३०६० ला सोळा. तुमच्या एच ४१० वर पीसीआय ३.० आहे, म्हणजे ४०६० ला सेकंदाला साधारण ८ जीबीचा रस्ता मिळेल आणि ३०६० ला १६ चा. मेमरीत मावतंय तोवर हा फरक जाणवत नाही. मेमरी भरली आणि कार्ड रॅमकडे धावायला लागलं की मग जाणवतो, आणि ८ जीबीवालंच आधी भरणार.

म्हणून गेमला ४०६०, तुमच्या कामाला ३०६०. हे माझं मत.

तापीकाठचा_गेमर
मान्य, मी एडिटिंगचा विचार केला नव्हता. पण गेममधला फरक पण लिहा ना, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ३०६० च भारी.

धुळे_सर्किट
हाव, बरोबर. जून २०२३ ला ४०६० आलं तेव्हा एनव्हिडियानेच फ्रेम जनरेशन न धरता ३०६० पेक्षा सुमारे २० टक्के सांगितलं होतं आणि बाहेरच्या चाचण्यांत पण १०८०पीला तेवढाच फरक निघतो. फ्रेम जनरेशन धरून जे मोठे आकडे दाखवतात ते वेगळे, मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवतं, दिसायला गुळगुळीत पण माउस हलवल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा वेळ त्यानं कमी होत नाही. दोन कार्डांची तुलना करताना ते बंद ठेवून करावी. आणि सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) एकटा बघू नका, १ टक्का लो, म्हणजे सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा वेग, तो बघा. सरासरी ८० आणि लो २५ असेल तर खेळताना झटके बसणारच.

नंदुरबार_नवशिका
नावावर जाऊ नका म्हणतात ते किती खरं आहे ते मी सांगतो. पहिलं कार्ड घेतलं तेव्हा जीटी १०३० घेतलं होतं, मित्राकडे तेच होतं आणि त्याच्याकडे बऱ्यापैकी चालायचं. माझ्याकडे तोच गेम अर्धा पण चालेना. महिनाभर ड्रायव्हर बदलत बसलो, विंडोज दोनदा टाकलं. नंतर कळलं की त्याचं जीडीडीआर५ चं होतं, ४८ जीबी बँडविड्थवालं, आणि मला दुकानदारानं डीडीआर४ चं दिलेलं, १७ पण नाही. डब्यावर नाव तेच, १०३०. तेव्हा कॉलेजला होतो, कापूस वेचणीच्या सुट्टीत मामाच्या वावरात राबून जमवलेले पैसे होते ते. आता कार्ड घेताना पहिले जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून मेमरी टाइप आणि बस विड्थ बघतो मगच पैसे देतो.

धुळे_सर्किट
हे खूप कामाचं लिहिलं. धागाकर्ते, ३०६० मध्ये पण हा प्रकार आहे. २०२२ च्या शेवटी ३०६० चं ८ जीबी व्हर्जन आलं, कोर तेवढेच पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४० वर आली. नाव ३०६० च. ३०५० चं तसंच, ८ जीबीचं १२८ बिट आणि ६ जीबीचं ९६ बिट, कोर पण कमी. लॅपटॉपचं तर विचारूच नका, ४०६० लॅपटॉप ३५ वॉटचं पण असतं आणि ११५ वॉटचं पण. बिलावर "३०६० १२ जीबी" असं पूर्ण लिहून घ्या.

सुवर्णनगरी_रेंडर
मी जळगावला दागिन्यांचं थ्रीडी डिझाइन करते, सराफांना ऑर्डरच्या आधी चित्र दाखवायला लागतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्समध्ये रेंडर. सोन्याचं पॉलिश आणि हिऱ्यातून फिरणारा प्रकाश हे सगळं रे ट्रेसिंगचं काम, आणि तिथे आरटीएक्स कार्डाला (३०६०, ४०६० दोन्ही त्यातलीच) ऑप्टिक्समुळे (एनव्हिडियाची रे ट्रेसिंगची सोय) खूप फायदा होतो. गेली तीन वर्षं ३०६० १२ जीबीच वापरतेय. मैत्रिणीकडे ४०६० आहे, आम्ही दोघींनी एकच सीन लावून बघितला, साध्या अंगठीला तिचं कार्ड स्पष्टपणे पुढे. पण नववधूचा पूर्ण सेट, हार, बाजूबंद, मखमलीचं टेक्स्चर, हे एकत्र घेतलं की तिच्याकडे आउट ऑफ मेमरी यायला लागलं आणि तिला सीन तोडून दोनदा रेंडर करावा लागला. माझ्याकडे तोच सीन साडेनऊ जीबी खात होता आणि निवांत चालू होता.

म्हणून मला वाटतं आधी आपलं काम किती मेमरी खातं ते मोजावं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक केलं की डेडिकेटेड मेमरी दिसते. दादा, तुम्ही १६५० वर तीच टाइमलाइन १०८०पी करून बघा, मग ४के ला साधारण किती लागेल ते कळेल, कारण ४के मध्ये पिक्सेल चौपट असतात.

वावर_आणि_वायफाय
१२ जीबीनंच ली ले भो, तुन्हा कामले मेमरी गंज लागस. मन्हा मावसभाऊ बी हाईच वापरस.

केळीबाग_यावल
उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पुण्या-मुंबईचे लोक व्हिडिओत ६५ डिग्री दाखवतात ते एसीतलं असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर दुपारी बसवत नाही. कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कार्डाची स्वतःची वाढ. माझं कार्ड हिवाळ्यात खोली २२ ला असताना ६२ ला असतं, म्हणजे वाढ ४० ची. तीच खोली मेमध्ये ४० ला गेली की कार्ड ८० ला. ८३ च्या आसपास एनव्हिडियाचं कार्ड स्वतःच क्लॉक खाली आणायला लागतं. म्हणून एकच फॅनवालं छोटं कार्ड घेऊ नका, दोन फॅनचं घ्या आणि आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवा, एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागतो पण कार्ड शांत राहतं.

आणि कूलरचं तोंड कॅबिनेटकडे करू नका. ओली हवा आणि आपलं खारं पाणी, आत पांढरा थर बसतो. मी एक बोर्ड असाच घालवला.

जिनिंगजवळचा
+१. आमच्या धरणगावला जिनिंगच्या सीझनला कापसाचा भुसका पंख्यात अडकतो, महिन्यातून एकदा ब्लोअर मारावाच लागतो. मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, तो हवेनं जोरात फिरू द्यायचा नाही.

धुळे_सर्किट
तापमानाचं उत्तम सांगितलं. त्यातच पॉवरचं जोडतो. ३०६० ला १७० वॉट, ४०६० ला ११५. दोन्हीला कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, तुमचा ४५० चाच आहे, तो बदलाच, त्याचे पैसे बजेटमध्ये धरा. विजेचा फरक ५५ वॉटचा, रोज आठ तास फुल लोड धरला तर महिन्याला १३ युनिट, युनिटला १० रुपये धरले तरी १३० रुपये. हा काही मोठा मुद्दा नाही. मोठा मुद्दा यूपीएसचा. बहुतेक दुकानांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॉटच देतो. एक्सपोर्टला कार्ड १७०, प्रोसेसर शंभरच्या वर, मॉनिटर, बोर्ड, हार्डडिस्क असं धरा, लाईट गेली की यूपीएस टीं करून पीसीसकट बंद पडेल. १००० व्हीए बघा.

लग्नसराई_भुसावळ
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवसांत इतकं कळलं जे वर्षभर यूट्यूब बघून नव्हतं कळलं. ताईंनी सांगितलं तसं बघितलं, १०८०पी टाइमलाइनवरच ३.२ जीबी भरतेय. म्हणजे ८ चं कार्ड मला अडचणीचंच होणार. एसएमपीएस बदलतो. अजून एक त्रास आहे तो लिहायचा राहिला, मेमरी भरलेली नसताना पण नुसता क्लिप प्ले केला तरी अडखळतो, विशेषतः नवीन कॅमेऱ्याचा. जुन्या कॅमेऱ्याचा नाही. नवीन कार्डानं हे जाईल ना?

प्रॉक्सी_चाळीसगाव
थांबा, घेऊ नका अजून. हा धागा सुरुवातीपासून वाचतोय आणि हाच प्रश्न यायची वाट बघत होतो. नवीन कॅमेरा कोणता ते जाऊ द्या, फाइल मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती साठवली) आणि बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती) काय लिहिलंय ते टाका इथे.

लग्नसराई_भुसावळ
फॉरमॅट एचईव्हीसी, ४:२:२, १० बिट.

प्रॉक्सी_चाळीसगाव
वाटलंच. आता नीट ऐका. एचईव्हीसी म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, आणि ४:२:२ मध्ये ४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त असते. व्हिडिओ प्ले होताना उलगडायचं काम कुडा कोर करत नाहीत, त्याच्यासाठी कार्डात वेगळा डिकोडर असतो. ३०६० आणि ४०६० दोघांचा डिकोडर एचईव्हीसी ४:२:० १० बिट घेतो, ४:२:२ घेतच नाही. मग सगळा भार तुमच्या १०४०० प्रोसेसरवर येतो, आणि त्याच्या आतलं ग्राफिक्स यूएचडी ६३० पण ४:२:२ घेत नाही. म्हणजे तुम्ही ३०६० घ्या, ४०६० घ्या, नाहीतर पन्नास हजाराचं ४०च्या सिरीजचं घ्या, क्लिप तसाच अडखळेल. वरचं कोर, बस, कॅश सगळं बरोबर आहे पण तुमच्या या त्रासाला त्यातलं काहीच लागू नाही.

एनव्हिडियानं ४:२:२ चा डिकोडर दिला तो ५०च्या सिरीजपासून. ५०६० मे २०२५ ला आलं, ३८४० कोर, जीडीडीआर७, बस १२८ बिटच पण मेमरी २८ गिगाबिटची म्हणून बँडविड्थ ४४८, १४५ वॉट. पण मेमरी परत ८ जीबी. दोन्ही पाहिजे तर ५०६० टीआय १६ जीबी, ते तुमच्या बजेटच्या बरंच वर जातं. इंटेलचं आर्क बी ५८० पण आहे, १२ जीबी, १९२ बिट, ४५६ जीबी बँडविड्थ आणि एचईव्हीसी ४:२:२ घेतं.

धुळे_सर्किट
बी ५८० कागदावर छान आहे पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं बोर्डाचं सेटिंग) चालू लागतो आणि जुन्या प्रोसेसरवर गेममध्ये त्याचा जोर खूप कमी होतो हे २०२५ च्या सुरुवातीला बऱ्याच जणांनी मोजून दाखवलं. एच ४१० वर मी तरी सुचवणार नाही. बाकी डिकोडरचा मुद्दा मी पूर्णपणे विसरलो होतो, फार चांगलं पकडलं तुम्ही.

लग्नसराई_भुसावळ
पोटात गोळाच आला वाचून. ३० हजार घालून तोच त्रास राहिला असता. मग काय करू, बजेट वाढवणं खरंच शक्य नाही, दिवाळीतच लेन्स घेतली.

प्रॉक्सी_चाळीसगाव
घाबरू नका, रस्ता आहे आणि फुकटचा आहे. तुमच्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये बघा, एचईव्हीसीमध्ये ४:२:० १० बिटचा पर्याय बहुतेक असतो. रंग १० बिटच राहतात, म्हणजे लॉगमध्ये (फिक्या रंगात) शूट करून ग्रेडिंग (नंतर रंग सुधारणं) करता ते तसंच चालेल. फरक पडतो तो रंगाच्या बारकाईत, हिरवा पडदा लावून कापायचं काम असेल तर ४:२:२ लागतं, हळद आणि वरातीला कोणाच्या डोळ्याला फरक दिसणार नाही. ते ४:२:० चं फुटेज ३०६० चा डिकोडर आरामात उलगडतो. आणि आधीच शूट झालेलं ४:२:२ असेल त्याचे रात्री प्रॉक्सी, म्हणजे हलक्या छोट्या कॉपी, बनवायला लावून झोपायचं, सकाळी एडिट प्रॉक्सीवर, शेवटी एक्सपोर्ट मूळ फाइलवरून.

म्हणजे मग ३०६० १२ जीबीच बरोबर ठरतं, पण कॅमेऱ्याचं सेटिंग बदलूनच.

सुवर्णनगरी_रेंडर
किती छान सांगितलंत. मी वाचनखूण साठवली.

जिनिंगजवळचा
सेकंडहँड ३०६० बघू का म्हणून मला मित्रानं विचारलंय, त्यात मायनिंगचं, म्हणजे क्रिप्टो नाणी काढायला दिवसरात्र वापरलेलं, असेल तर?

धुळे_सर्किट
इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला कार्डावरून बंद झालं तेव्हा ढिगानं कार्डं बाजारात आली. मायनिंगचं म्हणून वाईटच असं नाही, चिप सहसा टिकते, पंख्याचं बेअरिंग आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता काढणाऱ्या पट्ट्या) जातात. अर्धा तास फरमार्क (कार्डावर ताण टाकणारी चाचणी) लावा, स्क्रीनवर ठिपके येतात का बघा, पंखा घरघर करतो का ऐका. स्क्रू उघडलेले दिसले तर का उघडले ते विचारा. बिल नसेल तर मी घेत नाही.

लग्नसराई_भुसावळ
मंडळी, काम झालं. ३०६० १२ जीबी दोन फॅनचं नवीन घेतलं, बिलावर १२ जीबी लिहून घेतलं, दुकानातच जीपीयू-झेड लावून १९२ बिट आणि ३६० जीबी बघितलं. दुकानदार आधी नाराज झाला, मग त्यानंच खुर्ची दिली. ५५० वॉटचा एसएमपीएस टाकला. यूपीएस पुढच्या महिन्यात.

कॅमेऱ्यात ४:२:० १० बिट सापडलं, मेनूत तीन पानं आत होतं. परवा सावद्याला साखरपुडा केला त्याचं फुटेज टाकलं, दोन लेयर, नॉइज रिडक्शन, क्लिप एकदाही अडखळला नाही, मेमरी ७.८ पर्यंत गेली, म्हणजे ८ चं घेतलं असतं तर काठावरच होतो. जुनं ४:२:२ चं फुटेज अजून अडखळतंच, जसं सांगितलं होतं तसंच, त्याचे प्रॉक्सी रात्री लावतोय. पॉवर लिमिट आत्ता थंडी आहे म्हणून पूर्ण ठेवलंय, होळीनंतर ८० करीन. भाऊ पण खूश आहे.

ज्या लग्नाला उशीर झाला होता त्यांच्याकडेच धाकट्या मुलीचं आता माघात आहे आणि त्यांनी परत मलाच सांगितलंय.

नंदुरबार_नवशिका
अभिनंदन दादा. तुमचं १६५० द्यायचं आहे का? माझ्या भाच्याच्या पीसीत पॉवरची वेगळी पिन नाही, ते ७५ वॉटचं स्लॉटवरच चालतं ना?

लग्नसराई_भुसावळ
हाव, माझ्यावालं बिनपिनचंच आहे. जीडीडीआर५, १२८ बिट, जीपीयू-झेडचा फोटो व्यनि (खाजगी निरोप) करतो, बघून मगच सांगा.